सूर्याच्या पाळतीवर

मागाच्या खोलीत कापसाची धूळ कुणी मुद्दाम साठवत नाही. माग आपला चालत राहतो आणि एक दिवस कोपऱ्यात बघावं तर उशी भरेल एवढा ढीग! किश्शांचंही तसंच होतं. आम्ही सोलापुरात सूर्य बघायला बसलो होतो, किस्से गोळा करायला नव्हे. पण तीन वर्षांत सूर्य जेवढा हाती लागला, त्यापेक्षा किस्सेच जास्त लागले.

'बघायला' म्हणते खरी, पण आम्ही सूर्य ऐकायचो. सूर्यावर स्फोट होतात, त्यांना फ्लेअर म्हणतात. त्या वेळी प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही सुटतात. त्या पकडायला अक्कलकोट रोडला, गावाबाहेरच्या माळावर, आमच्या कॉलेजनं एक अँटेना उभा केला होता. शेजारी पत्र्याची खोली, खोलीत रिसीव्हर आणि रिसीव्हरला जोडलेलं एक पेन. कागदाचा रोल हळूहळू सरकायचा आणि पेन त्यावर रेघ काढत जायचं. सूर्याचा आवाज वाढला की रेघ वर चढणार. एवढंच आमचं यंत्र.

माणसंही मोजकीच. प्रमुख डॉ. बिराजदार सर, मूळचे मैंदर्गीचे. मराठी शुद्ध, इंग्रजी त्याहून शुद्ध, पण चिडले की थेट कानडीत! टेक्निशियन नरसय्या येमूल, विणकराच्या घरातला; घरी तेलुगू आणि चार माग. आणि मी, विजया. वैरागच्या मास्तरांची मुलगी, पुण्याहून फिजिक्सची पीएच.डी. घेऊन तीन वर्षांच्या फेलोशिपवर आलेली. आणीबाणीचे दिवस होते. सगळा देश गप्प होता, आणि सूर्यही.

* * *

पहिला किस्सा माझ्या पदाचाच. पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्याला इंग्रजीत पोस्ट-डॉक म्हणतात.

वैरागला वडिलांनी कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, "आमची विजू पोस्ट-डॉक्टर झाली!" हे ऐकून गावचे पोस्टमास्तर घरी आले. जरा रुसलेच होते.

"मास्तर, पोरगी आमच्याच खात्यात लागली आन् आमालाच पत्ता न्हाय? पोस्टात डॉक्टरची जागा निघाली कधी?"

वडिलांना खुलासा करायचा होता. पण पोस्टमास्तर पेढे घेऊन आले होते! "इतका खूश झाला होता गं तो," वडील मला पत्रात म्हणाले, "मला सांगवेना."

महिन्याभरानं कॉलेजच्या पत्त्यावर माझ्या नावे रजिस्टर्ड पोस्टानं एक मोठं पाकीट आलं. उघडते तर छातीचा एक्स-रे! सोबत चिठ्ठी: 'दोन महिने खोकला हटत नाही. फोटो बार्शीत काढला. तपासून कळवावे. आपला खातेबंधू.'

मला हसू आलं, मग काळजी वाटली. एक्स-रे घेऊन मी सोलापूरच्या एका खऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरला आणि हसले नाहीत.

"पेशंट कुठं आहे? बोलवून घ्या. टी.बी. आहे, पण अगदी सुरुवात आहे. वेळेवर आणलंत."

पोस्टमास्तर दीड वर्ष औषध घेऊन खडखडीत बरे झाले. त्या दीड वर्षात मी त्यांना तीनदा समजावलं की मी तसली डॉक्टर नाही, मी सूर्याचा अभ्यास करते. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग वडिलांना म्हणाले, "मोठे डॉक्टर असंच बोलतात. अंगावर घेत न्हाईत कधी."

* * *

आता सूर्याकडे वळते.

सूर्याला अकरा वर्षांची एक लय असते. काही वर्षं तो धुमसतो, काही वर्षं निजतो. मी आले ती नेमकी निजायची वर्षं! पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "तू लवकर आलीस. सूर्य झोपलाय."

मला वाटलं विनोद करतायत. आठ महिने पेन सरळ रेघ काढत होतं. रोज सकाळी सातला मी रिसीव्हर सुरू करायची, संध्याकाळी कागद गुंडाळून तारीख टाकायची. गुंडाळ्यांनी कपाट भरलं. त्यात एकही चढ नाही.

मी डबा खात तोंड पाडून बसलेली. येमूल कागदाकडं बघून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं असं सूत निघालं असतं ना, एकही गाठ न्हाई, तर बापानं गल्लीत पेढे वाटले असते!"

पण मला गाठच हवी होती. घरी आई विचारायची, "काय सापडलं का गं?" जणू माझं कानातलं हरवलंय. बरोबरीच्या मैत्रिणी कुठं कुठं नोकरीत कायम झाल्या होत्या. वर्षाअखेरीला बार्शीच्या एका कॉलेजात मला लेक्चररची पक्की नोकरी चालून आली. मी दोन दिवस विचार केला, राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

सरांनी चष्मा लावून ते नीट वाचलं. एक स्पेलिंग दुरुस्त केलं. मग पेनानं तारीख खोडून तीन महिन्यांनंतरची टाकली आणि पत्र मला परत दिलं.

"हे त्या दिवशी दे."

"पण सर, का?"

"अगं, सूर्यालासुद्धा नोटीस पीरियड द्यायला नको का?"

* * *

पत्र पर्समध्ये ठेवून मी कामाला लागले. आणि तिसऱ्याच आठवड्यात पेन उडालं!

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. रेघ एकदम वर, दोन-तीन मिनिटं थरथर, मग खाली. मी येमूलला हाक मारेपर्यंत संपलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, दहा पंचवीसला. मग दुपारी एकच्या सुमारास. मग रोज!

सर म्हणाले, "इतक्यात कुणाला सांगू नको. आणखी नोंदी घे." पण त्यांचा चेहरा फुलला होता. मी त्या चढांच्या उंच्या मोजल्या, तक्ता केला, पुण्याच्या माझ्या गाइडना पत्र लिहायला घेतलं. एकच गोष्ट खटकत होती. गुरुवारी काहीच यायचं नाही. मी रात्रंदिवस पुस्तकं चाळली. सूर्याचा गुरुवारचा उपास कुठल्याच पुस्तकात नव्हता.

उलगडा येमूलनं केला. एका सकाळी तो दारात उभा होता आणि मी पेनापाशी. पेन उडालं आणि त्याच क्षणी तो ओरडला, "मॅडम, तुमचा सूर्य फाटकातून आत येतोय!"

बघते तर बिराजदार सर, नुकत्याच घेतलेल्या स्कूटरवरून! त्या स्कूटरच्या प्लगची ठिणगी आमच्या अँटेनाला सूर्यापेक्षा मोठी दिसत होती. सकाळी दहा-साडेदहाला यायचे, एकला जेवायला जायचे. गुरुवारी कॉलेजात प्रॅक्टिकल्स असायची, तेव्हा माळावर येतच नसत.

मला रडूच फुटलं. सरांनी तक्ता हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "आवर्तन अगदी नियमित आहे. म्हणजे निदान मी वेळेवर येतो याचा पुरावा झाला."

त्या दिवसापासून ते स्कूटर अर्धा मैल अलीकडे एका हॉटेलापाशी लावून छत्री घेऊन चालत यायचे. उन्हाळ्यातसुद्धा. एक दिवसही चुकले नाहीत.

* * *

खरा फ्लेअर आला तो राजीनाम्याच्या तारखेच्या अकरा दिवस आधी.

मी पेनाला शाई भरून हात पुसत होते. रेघ जराशी हलली. मी आधी खिडकीतून फाटकाकडं बघितलं. कुणी नव्हतं. सर आत खुर्चीत बसले होते. रेघ चढायला लागली. हळू, मग वेगानं, मग थांबेचना! कागदाच्या वरच्या काठाला जाऊन पेन खट्कन अडकलं आणि तिथंच थरथरत राहिलं. आठ महिने काही दिसत नव्हतं म्हणून आम्हीच रिसीव्हरची ताकद वाढवून ठेवली होती. आता सूर्य ओरडत होता आणि आमच्या कागदावर जागा नव्हती.

येमूलनं झटकन नॉब फिरवला, तोवर सगळ्यात उंच भाग निघून गेला होता.

"अय्यो!" सर कानडीत काहीतरी भराभर बोलले. मला वाटलं रागावले. पण ते हसत होते, आणि डोळे पुसत होते.

"सर, माथाच कापला गेला. ही नोंद कशाच्याच उपयोगाची नाही."

"नसू दे. बिनडोक्याचा का असेना, आपला आहे!"

अकरा दिवसांनी सरांनी विचारलं, "काही द्यायचं होतं का मला?"

मी म्हटलं, "शाई संपत आलीय, सर. मागवायला हवी."

* * *

शाईवरून आठवलं. ती शाई मुंबईहून यायची. आली नाही. सूर्य आता जागा होत होता, दर आठवड्याला काहीतरी यायचं, आणि पेन कोरडं!

येमूल घरून चादरीच्या सुताला लावतात तो रंग घेऊन आला. पाण्यात कालवला, तीनदा गाळला, पेनात भरला. झक्क चालला. पुढचे चार महिने आमच्या सगळ्या नोंदी राणी कलरमध्ये.

त्यातले काही कागद बाहेर गेले तेव्हा पुण्याच्या एका शास्त्रज्ञांनी कळवलं: 'नोंदी उत्तम. परंतु आपला सूर्य गुलाबी का?'

सरांनी पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली: 'पक्का सोलापुरी आहे, धुतला तरी जाणार नाही.'

* * *

आमच्या माळावर बनाबाई मेंढरं चारायची. सांगोल्याकडची धनगर बाई, पन्नाशीची, हातात काठी, कपाळावर मोठं कुंकू. दिवसभर मेंढरं अँटेनाच्या सावलीत. सरांनी एकदा तक्रार केली, तर म्हणाली, "तुमचं ध्यान वर, माजी मेंढरं खाली. भांडान कुटं हाय?"

तो अँटेना आपोआप फिरायचा नाही. सूर्य सरकेल तसा दर अर्ध्या तासानं हातानं फिरवावा लागे. त्यासाठी अँटेनालाच एक फळी जोडलेली होती, तिच्या मधोमध उभा खिळा. हँडल फिरवत राहायचं. फळीवरची खिळ्याची सावली आखडत आखडत नाहीशी झाली की अँटेना बरोबर सूर्याच्या तोंडाला. बनाबाई हे दोन वर्षं लांबून बघत होती.

हिवाळ्यातली एक सकाळ. सर पुण्याला मीटिंगला, येमूल बहिणीच्या लग्नाला. आमच्या त्या सूर्याच्या स्टेशनात मी एकटी. साडेनऊला वायरवरचा दगड बाजूला करायला वाकले आणि हाताला विंचू चावला.

मी किंचाळले. बनाबाई धावत आली. माझा हात बघितला, काठीनं विंचू ठेचला, पदराची चिंधी दंडाला बांधली आणि मला रस्त्यापर्यंत अक्षरशः ओढत नेलं. एक उसाचा ट्रक चालला होता. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"दवाखान्यात न्या हिला. बिगीबिगी! कुटं थांबायचं न्हाय!"

ट्रकमध्ये चढताना मी रडत होते. दुखत होतं म्हणून, आणि आणखी एका कारणानं. "बनाबाई, मशीन चालू राहिलंय गं! अँटेना कोण फिरवणार?"

"तू जा की आदी! मी हाय हितं."

मला वाटलं, ती मशीनवर लक्ष ठेवीन म्हणतेय. रात्रभर दवाखान्यात राहिले. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून माळावर गेले. कागद उलगडून बघितला.

दुपारी बाराच्या आत, म्हणजे मी दवाखान्यात कण्हत होते तेव्हा, तीन वर्षांतला सगळ्यात मोठा फ्लेअर येऊन गेला होता. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, माथ्यासकट! अँटेना फिरवला की रेघेत एक बारीकशी पायरी उमटते. माझ्या पायऱ्या अर्ध्या अर्ध्या तासानं असायच्या. ह्या दहा दहा मिनिटांनी होत्या, सूर्य मावळेपर्यंत.

"बनाबाई, तू फिरवलास?"

"व्हय. खिळ्याची सावली सरकली की ढकलायचा जरा. तू बी तसंच करतीस की."

"पण मी अर्ध्या तासानं करते."

"व्हय, बगितलंय मी. लई आळस करतीस." मग म्हणाली, "आत ते पेन लई नाचत हुतं. मी हात न्हाय लावला. नाचू दिलं."

* * *

त्या फ्लेअरवर आम्ही पेपर लिहिला. नोंद कोणी घेतली, हे लिहायचं होतं. मी म्हटलं, "माझं नाव घालू या, सर. कोण विचारतंय?"

सरांनी टाइपरायटर पुढं ओढला. मग त्यांनी स्वतः टाइप केलं: 'त्या दिवशीचं निरीक्षण श्रीमती बनाबाई यांनी केलं. त्या व्यवसायानं मेंढपाळ आहेत.'

व्हायचं तेच झालं. पेपर परत आला. तपासणाऱ्यांचं म्हणणं, निरीक्षक प्रशिक्षित नाही आणि दुसरा पुरावाही नाही; हा जवळपासच्या एखाद्या मोटारीचा आवाज असावा. दुजोरा जिथून मिळाला असता त्या स्टेशनचं यंत्र नेमकं त्याच आठवड्यात दुरुस्तीला निघालेलं. आणि स्कूटरचा इतिहास ताजा असल्यामुळे आम्हालाही छातीठोकपणे काही बोलता येईना!

मी उदास होऊन विजापूर वेशीला रज्जाकभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. आमचे सुटे भाग मी तिथूनच आणायची. रज्जाकभाईंनी चहा मागवला, चेहरा बघून कारण विचारलं. मी सांगितलं. तारीख ऐकून ते ताडकन उठले.

"कौन से दिन बोले? वो मॅच का दिन? अरे मॅडम, उस दिन का मेरेकू मत पूछो!"

त्यांनी दुरुस्तीची वही काढली. कोणता सेट कधी आला यावरून गिऱ्हाइकं भांडतात म्हणून ते प्रत्येक नोंदीपुढं घड्याळ बघून वेळ लिहायचे. त्या दिवशी सगळं सोलापूर शॉर्टवेव्हवर कॉमेंट्री ऐकत होतं. अकरा बेचाळीसला त्यांच्या दुकानातलाच सेट मुका झाला. तेही लिहून ठेवलेलं! अकरा पन्नासला पहिलं गिऱ्हाईक. साडेबारापर्यंत चौदा! सगळ्यांची तक्रार एकच: चालता चालता आवाज गेला.

"चौदा सेट खोल के देखा, मॅडम. किसी में कुच खराबी नई! फिर सब अपने आप चालू हो गए."

मोठा फ्लेअर झाला की सूर्याच्या किरणांनी वरचं वातावरण बिघडतं आणि दिवसा शॉर्टवेव्ह मुकी होते. हे पुस्तकात आहे. आणि आमच्या कागदावर रेघ चढली होती ती अकरा एकेचाळीसला!

त्या पानाचा फोटो काढून आम्ही पाठवला. दोन महिन्यांनी पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं. मी पेढे घेऊन विजापूर वेशीला धावले.

"रज्जाकभाई, सगळं तुमच्या वहीमुळं! त्या दिवशी रेडिओ सूर्यानं बंद पाडले होते, हे आता जगाला कळणार."

रज्जाकभाईंनी पेढा घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"जग कू बोलो, मॅडम. मगर सोलापूर में नक्को बोलो. हितं लोगां समझरे, मैं हाथ लगाया बोलके चालू हुए!"

* * *

आता शेवटचा.

माझ्या फेलोशिपचं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि त्याबरोबर स्टेशनची मुदतही. चालू ठेवायचं की अँटेना उतरवून कॉलेजच्या गोदामात टाकायचा, हे ठरवायला एक समिती येणार होती. अध्यक्ष फार मोठे शास्त्रज्ञ. नाव घेत नाही, पण त्यांच्या पुस्तकावर आम्ही सगळे शिकलो होतो. कोलकात्याचे, सहा फूट उंच, डोक्यावर हॅट, बोलणं अगदी कमी. त्यांच्या एका शब्दावर प्रयोगशाळा उघडत आणि बंद होत.

सर आठवडाभर झोपले नाहीत. खोलीला चुना दिला. येमूलनं अँटेनाला रंग दिला. सरांनी मला शंभर प्रश्न तयार करून दिले. आणि आदल्या दिवशी सगळ्यांना ताकीद: "विचारल्याशिवाय कुणीही तोंड उघडायचं नाही!"

समिती आली. अध्यक्षांनी खोली बघितली, रिसीव्हर बघितला, गुलाबी कागदांवर हात फिरवला. सरांच्या कपाळावर घाम. मग अध्यक्ष थांबले आणि इंग्रजीत म्हणाले, "त्या मोठ्या फ्लेअरचं निरीक्षण ज्या बाईंनी केलं, त्या कुठं आहेत?"

बनाबाईला बोलावलं. ती मेंढरं वळवून आली, लुगडं झटकलं, काठी भिंतीला टेकवली. अध्यक्षांनी हॅट काढून तिला नमस्कार केला. तिनंही केला. ते सरांना म्हणाले, "यांनी कसं केलं, ते मला बघायचंय. आत्ता."

सरांनी कानडी-मराठी मिसळून तिला सांगितलं. घाबरले की ते दोन्ही भाषा एकदम बोलत. बनाबाईनं मान हलवली आणि हँडलला हात घातला.

पुढं काय झालं ते सांगायच्या आधी एवढं सांगून टाकते की अहवाल दीड महिन्यानं आला. स्टेशन राहिलं. आणखी दोन अँटेना मंजूर झाले, माझी जागा कायम झाली, आणि बनाबाईचं नाव 'निरीक्षण सहायक' म्हणून कॉलेजच्या हजेरीपटावर चढलं. पुढं त्या माळावर सतरा विद्यार्थ्यांनी काम केलं. अँटेना कसा धरायचा हे सगळ्यांना तिनंच शिकवलं, आणि आळस केला की बोलूनही दाखवलं. सर निवृत्त होईपर्यंत म्हणायचे की अहवाल आमच्या पेपरमुळं चांगला आला. येमूल म्हणायचा, रंगामुळं. मी त्या दिवशी अध्यक्षांचा चेहरा बघत होते, त्यामुळं माझं मत वेगळं आहे.

तर बनाबाईनं हँडल धरलं. अध्यक्षांना जवळून बघायचं होतं. ते पुढं आले, आणखी पुढं आले, आणि फळीवर वाकून खिळ्याकडं निरखून बघायला लागले. बनाबाई हँडल धरून थांबली. ते बघतच राहिले. ती थांबूनच राहिली. समितीतले दोघं एकमेकांकडं बघायला लागले. सरांनी डोळे मिटून घेतले. येमूल मला हळूच कोपरानं ढोसायला लागला.

शेवटी बनाबाईनं एक हात हँडलवरून काढला, देशातल्या त्या सगळ्यात मोठ्या सूर्यशास्त्रज्ञाच्या खांद्यावर ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली,

"दादा, जरा बाजूला सरका की. सूर्याच्या आड आलाय तुमी!"